अंड्याविना बेक्ड मॅक अँड चीज : प्रकल्प नोंदी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना

काम ठरलं. थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला मोठा सण) जेवणाला शेजारी न्यायला आठ इंची चौकोनी ट्रे भरून बेक्ड मॅक अँड चीज, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली मॅकरोनी आणि चीज, करायचं, बिनअंड्याचं.

याला कारण कॅलेंडर. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, १९४१ पासून कायद्यानेच. यंदा तो २७ तारखेला आहे. अमावास्या २० ला, म्हणजे २७ हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आई सहा महिन्यांसाठी आली आहे आणि येताना कॅलेंडर घेऊनच आली आहे, त्यामुळे हा योग तिला माझ्याआधी कळला. महालक्ष्मीचं व्रत आहे. दिवसभर उपास, तिन्हीसांजेला पूजा, कहाणी, नैवेद्य, मग जेवण. अंडं तिला एरवीही चालत नाही, त्या दिवशी कांदा-लसूणही नाही.

शेजारच्या मॅमकडे आम्ही दरवर्षी जातो. (इकडे दक्षिणेत वयाने मोठ्या बाईला मॅम म्हणतात, मीही म्हणतो. आई त्यांना सरळ 'बाई' म्हणते आणि मराठीत बोलते. दोघींचं छान चालतं.) सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. मोठा ट्रे त्यांचाच असतो. इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत सणाचं मॅक अँड चीज कोणी करायचं हे ठरलेलं असतं, आणि कोणी करायचं नाही हे त्याहून पक्कं ठरलेलं असतं. ताटात घ्यायच्या आधी 'हे केलंय कोणी?' असं विचारणं तिथे उद्धटपणा नसतो, ती सावधगिरी असते. त्यामुळे मोठ्या ट्रेला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आईला काय चालेल म्हणून विचारलं तेव्हा मॅम म्हणाल्या, "तिच्यासाठी छोटा ट्रे तू कर. पण माझ्या टेबलावर ठेवायचा असेल तर त्याचा तुकडा पडला पाहिजे. चमच्याने वाढायचं सूप मला नको."

म्हणजे अट एकच, पण अवघड. तुकडा पडतो तो अंड्यामुळे.

टेबलावर आईला चालण्यासारखं दुसरं काय असेल ते मोजलं. टर्की नाही. ड्रेसिंगमध्ये (भाजलेला मसालेदार पाव) कोंबडीचं पाणी. कॉलर्डच्या पालेभाजीत स्मोक्ड टर्कीचा पाय. कॉर्नब्रेडमध्ये अंडं, रताळ्याच्या 'पाय'मध्ये (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) अंडं, गोड रताळ्यांवरच्या मार्शमेलोत जिलेटिन, तेही प्राण्यांचंच. राहिला क्रॅनबेरी सॉस. तेव्हा हा ट्रे जमायलाच हवा.

सोमवार, १० नोव्हेंबर

मॅमच्या ओट्यापाशी उभं राहून त्यांची पद्धत लिहून घेतली. मापं त्या सांगत नाहीत, डबे दाखवतात. एक पौंड एल्बो मॅकरोनी, पाकिटावर लिहिलंय त्याच्या दोन-तीन मिनिटं आधी उतरवलेली. गरम असतानाच लोणी. शार्प चेडर, कोल्बी जॅक, थोडं मॉन्टेरे जॅक, ही तीन चीज, सगळं घरी किसलेलं. इव्हॅपोरेटेड मिल्कचे (आटवलेलं, बिनसाखरेचं दूध) डबे, त्यात अंडी फेटून. मीठ, मिरी, मोहरीची पूड, कांद्याची पूड. थर लावायचे: मॅकरोनी, चीज, मॅकरोनी, चीज. वरून दूध-अंडं ओतायचं, सगळ्यात वर चेडर आणि पाप्रिका, ३५० फॅरनहाइटला ओव्हनमध्ये.

यात व्हाइट सॉस नाही. हा कस्टर्डचा प्रकार. अंड्यातली प्रथिनं ८० सेल्सियसच्या आसपास आळतात आणि दूध, चीज, मॅकरोनी एकत्र धरून ठेवतात. दुसरा प्रकार व्हाइट सॉसचा: लोण्यात मैदा परतून दूध, त्यात चीज. तो बिनअंड्याचा असतो, पण पळीने वाढायचा. मॅमच्या भाषेत सूप.

घरी येऊन आईला समजावलं. तिने अर्ध्यातच विचारलं, "म्हणजे खरवसासारखं आळायला हवं ना? मग चीक मिळतो का इथे बघ." चीक मिळत नाही. पण काय हवंय ते तिला माझ्याआधी नेमकं समजलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पूर्ण सकाळ चीजच्या कपाटासमोर गेली. प्रश्न रेनेटचा. दूध फाडायला लागणारं हे विकर (एन्झाइम) पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून काढतात. पनीर आपण लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडतो, म्हणून हा प्रश्न घरात कधी आलाच नव्हता. चेडरला रेनेट लागतंच.

अमेरिकेत ते आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं असतं. असं बनवलेल्या कायमोसिनला (रेनेटमधलं मुख्य विकर) इथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये मान्यता दिली आणि चीजचा धंदाच बदलला. अडचण लेबलची. घटकांच्या यादीत नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलं तरी चालतं, ती कुठून आली हे सांगायची सक्ती नाही. म्हणून 'व्हेजिटेरियन' किंवा 'मायक्रोबियल' असं स्वच्छ छापलेलंच उचलायचं, बाकीचं परत ठेवायचं. इटलीचं अस्सल पार्मिजानो चीज तर बादच, त्याच्या नियमातच वासराचं रेनेट आहे. बऱ्याच कृतींत वर भुरभुरायला तेच सांगतात. वूस्टरशर सॉसही सांगतात, त्यात अँकोव्ही मासा असतो. तोही नाही.

किसलेल्या चीजच्या पिशव्या स्वस्त होत्या, त्या घेतल्या नाहीत. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च नाहीतर सेल्युलोज चोळलेलं असतं आणि सॉस खरखरीत होतो. विटाच घेतल्या. शार्प चेडर आणि मॉन्टेरे जॅक, दोन्ही आठ औंसांच्या म्हणजे साधारण २२६ ग्रॅमच्या.

दोन जाती घ्यायचं कारण: चेडर जितकं मुरलेलं तितकी चव तेज, पण मुरताना त्यातल्या प्रथिनांचे धागे तुटलेले असतात. उष्णता लागली की ते तूप धरून ठेवत नाही, वर तवंग येतो आणि खाली रवाळ गोळा राहतो. कोवळं जॅक चवीला मवाळ, पण सरळ वितळतं आणि चेडरला सांभाळून घेतं.

चेडर नारिंगी घेतलं. पांढऱ्यात आणि त्यात फरक फक्त रंगाचा, आणि तो रंग शेंद्रीच्या बियांचा. आईला हे ऐकून बरं वाटलं. इतका भडक रंग कारखान्यातलाच असणार असं तिने धरलं होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिली चाचणी, व्हाइट सॉसची, नंतरच्याशी ताडून बघायला. अर्धा पौंड मॅकरोनी, तीन टेबलस्पून लोणी, तीन टेबलस्पून मैदा, तीन कप दूध, १२ औंस चीज. गॅस बंद करून चीज मूठमूठ घातलं, सॉस गुळगुळीत झाला. ३५० ला अर्धा तास.

चव उत्तम. तुकडा नाही. सुरीची रेघ पाठोपाठ भरून येते. मुलांनी वाडग्यातून खाल्लं आणि हेच न्या म्हणाली. आईने एक घास खाऊन मिरी मागितली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मैदा वाढवून, दूध कमी करून. दोन कपांना चार टेबलस्पून. तुकडा पडतो, उभाही राहतो, पण पिठूळ लागतो. चीजची चव मैद्याने खाल्ली. हा रस्ता बंद.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रात्री जुन्या कृती चाळल्या, आणि उत्तर मिळालं ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या पानावर.

आधी थोडं मागचं. या पदार्थाचं श्रेय अमेरिकेत सर्रास राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनला देतात. ६ फेब्रुवारी १८०२ ला राष्ट्राध्यक्षांकडच्या जेवणात 'मॅकरोनी नावाचा पाय' (pie) होता अशी नोंद मनासा कटलर या पाहुण्याच्या दैनंदिनीत आहे. त्याला तो आवडला नव्हता, आत कांदेच भरलेत असं त्याला वाटलं होतं. पण जेफरसन काही चुलीपाशी उभा नव्हता. १७८४ मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हा जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला फ्रेंच स्वयंपाक शिकवायला बरोबर घेऊन गेला. परतल्यावर हेमिंग्जने स्वातंत्र्य मागितलं, तर जेफरसनने लेखी अट घातली: आधी आपली विद्या दुसऱ्याला शिकव, मग जा. त्याने धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि १७९६ मध्ये तो सुटला. १८०१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पीटर गुलामच राहिला आणि माँटिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घरच्या, स्वयंपाकघरात रांधत राहिला. 'जेफरसनची मॅकरोनी' असं कुठे वाचलं की मला आता ती अट आठवते. मॅमच्या घरी ट्रेला एवढा मान का, हेही त्यातूनच थोडं कळतं.

१८२४ मध्ये व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांनी पाककृतींचं पुस्तक छापलं. (नाव त्यांचं. त्या काळच्या व्हर्जिनियातल्या अशा घरांत चुलीपाशी उभं कोण असायचं ते उघड आहे.) त्यातली मॅकरोनी तीन-चार ओळींत संपते: भांडं भरेल इतकी मॅकरोनी दूध-पाण्यात मऊ होईपर्यंत उकडा, निथळा, मीठ भुरभुरा, मॅकरोनीचा थर, मग चीज आणि लोणी, असं भरून भाजा.

अंडं नाही! मैदाही नाही. मी आठवडाभर 'अंड्याऐवजी काय' हे शोधत होतो. इथल्या छापील कृतींतल्या सगळ्यात जुन्यांपैकी या एकीत अंड्याची जागाच नाही. आणि मॅकरोनी उकडायला नुसतं पाणी नाही, दूध-पाणी.

कल्पना अशी: मॅकरोनी मोजक्याच दूध-पाण्यात शिजवायची आणि निथळायची नाही. तिच्यातून सुटलेला स्टार्च सिंकमध्ये जायच्या ऐवजी सॉसमध्येच राहील. वरून मैद्याची गरज पडणार नाही, म्हणजे पिठूळपणाही नाही. रँडॉल्फबाई निथळतात. मी तेवढं बदलतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दूध-पाण्याची चाचणी. अर्धा पौंड मॅकरोनी, दीड कप पाणी, एक कप दूध, पाव चमचा मीठ. पसरट पातेलं, मध्यम आच, आणि हात सतत फिरता. दूध तळाला धरतं, त्यामुळे फोन वाजला तरी हलायचं नाही. सात-आठ मिनिटांत मॅकरोनी अर्धवट शिजली. दाताखाली मधोमध कणी लागत होती, आणि भोवती दाट, चिकट दूध उरलं होतं. हवं होतं ते हेच.

त्यात इव्हॅपोरेटेड मिल्कचा अर्धा डबा. ३५४ मिलीचा डबा असतो. दुधातलं साठ टक्के पाणी काढून टाकलेलं, म्हणजे प्रथिनं दाट. शिवाय त्यात फॉस्फेटचा क्षार घातलेला असतो, तो चीज फुटू देत नाही. थंड असतानाच त्यात एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर कालवलं. एक उकळी, गॅस बंद, मग आठ औंस चीज मूठमूठ. मोहरीची पूड अर्धा चमचा, पांढरी मिरी, आणि कांद्याच्या पुडीच्या जागी चिमूटभर हिंग. हिंग आईचा. मी नको म्हणत होतो, पण बरोबर तिचं निघालं. वेगळा वास येत नाही, फक्त चव पोकळ लागत नाही.

ट्रेमध्ये अर्धं मिश्रण, दोन औंस किसलेलं जॅक, उरलेलं मिश्रण, वर दोन औंस चेडर आणि पाप्रिका. फॉइल लावून वीस मिनिटं, काढून पंधरा. बाहेर आल्यावर लपलप करत होतं आणि बायको म्हणाली, झालं, पुन्हा सूप. अर्धा तास हात लावू दिला नाही. मग सुरी घातली.

तुकडा पडला. कोपऱ्याचा नीट, मधला जरा सैल. आत ओलसर, पिठूळ अजिबात नाही.

निष्कर्ष: मुरू देण्याची वेळ ही कृतीचाच भाग आहे. स्टार्च गरम असताना वाहता राहतो, निवताना धरतो. अंडं ओव्हनमध्येच आळतं, म्हणून मॅमचा ट्रे वीस मिनिटांत कापता येतो. माझ्याला निदान चाळीस हवीत.

रविवार, २३ नोव्हेंबर

कालचा तुकडा घेऊन मॅमकडे. त्यांनी आधी बशी तिरकी करून पाहिली, मग काट्याने दाबला, मग खाल्ला. "कडेचा भाग ठीक. मधलं अजून धीट हवं. मीठ वाढव." हिंग त्यांना कळला नाही, किंवा कळूनही बोलल्या नाहीत.

वरून ब्रेडक्रम्स घालू का असं विचारलं, कुरकुरीत होईल म्हणून. पाच सेकंद कोणी बोललं नाही. त्यांची मुलगी हसून आत निघून गेली. ब्रेडक्रम्स नाहीत.

बोलता बोलता त्यांनी 'गव्हर्नमेंट चीज'ची आठवण काढली. सरकारने दूधवाल्यांना भाव मिळावा म्हणून चीज विकत घेऊन गोदामं भरली होती. १९८१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते गरिबांना वाटायला काढलं. पुठ्ठ्याच्या खोक्यातली पाच पौंडांची नारिंगी वीट. मॅमच्या आईने तेव्हा त्याचंच मॅक अँड चीज केलं होतं. "वितळायचं फार सुंदर," त्या म्हणाल्या. वितळणारच, प्रोसेस्ड होतं. त्यातले क्षार चीजमधलं कॅल्शियम बांधून टाकतात, म्हणून ते कधी फुटत नाही. हीच युक्ती १९३७ पासून क्राफ्ट कंपनीच्या खोक्यातल्या मॅकरोनी-चीजला कामी येते. तेव्हा १९ सेंटमध्ये चौघांचं जेवण अशी तिची जाहिरात होती. मंदीचा काळ, लोकांनी उचलून धरली.

मधलं धीट करायला काय करायचं? तीन पर्याय लिहिले: दूध कमी करणं, मधल्या थरात चीज वाढवणं, जास्त वेळ मुरवणं. पहिला नको, कोरडं होईल. उरलेले दोन्ही करतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चीज रात्रीच किसून डब्यात. मॅकरोनी मात्र आज शिजवायची नाही. रात्रभर ती सगळं दूध पिते आणि उद्या ट्रे कोरडा.

ओव्हनचं वेळापत्रक: आमचा ओव्हन रिकामा, मॅमचा पहाटेपासून टर्कीचा. तेव्हा घरीच भाजून न्यायचं. जेवण तीनला. म्हणजे एक चाळीसला ओव्हनमध्ये, सव्वा दोनला बाहेर, तीनपर्यंत मुरणं.

एक गोष्ट आज सुचली. तीन वाजता आईचा उपास असणार. सूर्यास्त पाचच्या सुमाराला, पूजा त्यानंतर. ज्याच्यासाठी ट्रे, तेच माणूस तेव्हा जेवणार नाही. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग? मी बसेन की गप्पा मारत. माझा तुकडा बाजूला काढून ठेव. सगळ्यांचा हात लागायच्या आधी काढ म्हणजे झालं."

म्हणून ट्रे ओतताना एक वाटीभर मिश्रण वेगळ्या काचेच्या भांड्यात भरायचं, ते संध्याकाळी भाजायचं. शिळं नको, ताजं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ठरल्याप्रमाणे झालं, वेळ सोडून. सव्वा दोनचं अडीच झालं, कारण वरचं चेडर रंग धरेना. शेवटची दोन मिनिटं ब्रॉयलर (ओव्हनची वरून येणारी प्रखर आच) लावला, समोर उभं राहून. ब्रॉयलर लावून पाठ फिरवायची नाही.

टेबलावर मॅमचा मोठा ट्रे मधोमध, माझा टोकाला, क्रॅनबेरीच्या शेजारी. जागा योग्य. टेक्ससहून आलेल्या त्यांच्या भावाने माझ्या ट्रेकडे बोट करून विचारलंच, "हे कोणी केलं?" मॅम म्हणाल्या, "शेजाऱ्याने, मी बघितलंय." तेवढ्यावर त्याने घेतलं. पहिला तुकडा सव्वातीनला कापला. सुरीला तार नाही, बाजू उभ्या. मधलाही उभा राहिला. मीठ या वेळी बरोबर. चवीत मॅमचं सरस आहे, यात वाद नाही. अंड्याने जी मऊ, भरीव घट्टाई येते ती स्टार्चला येत नाही. स्टार्चचा तुकडा जरा चिकट. पण चीजची चव माझ्यात जास्त स्वच्छ लागते, अंडं मध्ये येत नाही म्हणून. हे मी तिथे बोललो नाही.

आई खजूर आणि कॉफी घेऊन मॅमच्या शेजारी बसली होती. साडेचारला टीव्हीवर काउबॉइज संघाचा फुटबॉल सामना लागला, तशी ती उठली. घरी कलश, विड्याची पानं, नारळ, कहाणी. नैवेद्याला शिरा. चीज नैवेद्याला नको यावर तिचं आधीच ठरलेलं होतं आणि मी वाद घातला नाही. पूजा चालू असतानाच काचेचं भांडं ओव्हनमध्ये, पंचवीस मिनिटं.

सातला परत मॅमकडे. तेव्हा तिथे सगळे दुसरं ताट घेत होते, त्यामुळे आई एकटी जेवायला बसली असं झालं नाही. तुकडा, क्रॅनबेरी सॉस, आणि आम्ही नेलेला शिरा. मॅमने शिऱ्याचं विचारलं, यात काय आहे. आई म्हणाली, रवा, तूप, साखर, दूध, केळं. मी सांगितलं. मॅम म्हणाल्या, "अंडं नाही? मग हा कसा उभा राहतो?"

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पुढच्या वेळेसाठी. तुकडे सुरीने नीट सुटायला बारा औंस चीज पुरेसं नव्हतं, मधल्या थरात चार औंस घालून काल एकूण चौदा झालं, तेच ठेवायचं. मीठ पाव नाही, अर्धा चमचा. आठ इंचीऐवजी मोठा ट्रे केला तर सगळं दुप्पट, पण दूध-पाणी दुपटीला जरा कमी, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने आटत कमी. मुरायला मग तास.

ख्रिसमसलाही छोटा ट्रे हवा असा निरोप आला आहे. २५ डिसेंबरही गुरुवारच. पण अमावास्या १९ ला, म्हणजे तोवर मार्गशीर्ष संपलेला, उपासाचा प्रश्न नाही. अंड्याचा आहेच.

उरलेलं मॅक फ्रीजमध्ये दगडासारखं घट्ट झालं. मायक्रोवेव्हमध्ये तूप सुटतं, म्हणून बोटभर जाडीचे काप करून बिडाच्या तव्यावर लोण्यात टाकले. झाकण ठेवायचं, आच मंद, आणि एकाच बाजूने खरपूस करायचं. उलटलं की मोडतं.